विश्लेषण : साखरखेर्ड्याच्या लढाईतून निघालेली पदवी सात पिढ्या टिकली; गावाला दिलेलं नाव का टिकलं नाही?

जालन्याहून मेहकरकडे निघालं की सिंदखेडराजा मागे पडतं आणि पुढे दुसरबीड लागतं. या रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांना सिंदखेडराजाचा इतिहास माहीत असतो. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून ते गाव महाराष्ट्रभर ओळखलं जातं. पण याच तालुक्यात, दुसरबीडपासून फार दूर नसलेल्या साखरखेर्ड्यात तीनशे वर्षांपूर्वी एक लढाई झाली. तिने दख्खनचा नकाशा बदलला आणि हैदराबादच्या निजाम घराण्याला त्याचं नाव दिलं. ती तारीख होती ११ ऑक्टोबर १७२४.

लढाई जिंकल्याबद्दल पदवी द्यायची आणि ती पुढे मुलाला, नातवाला मिळत राहायची, ही पद्धत जगात सर्वाधिक गाजली ती फ्रान्समध्ये. नेपोलियनने आपल्या सेनापतींना लढाईच्या गावांची नावं पदवी म्हणून दिली. साखरखेर्ड्यातही विजयाचं नाव ठेवलं गेलं, पण ते वेगळ्या पद्धतीने. विजेत्याला पदवी मिळाली आणि गावाचं नावच बदलण्यात आलं. त्या दोन नावांपैकी एक १९४८ पर्यंत राज्य करत राहिलं, दुसरं लोकांच्या तोंडी बसलंच नाही. असं का झालं?

साखरखेर्ड्याची लढाई कोणामध्ये झाली?

एका बाजूला होता मीर कमरुद्दीन खान, म्हणजेच निजाम-उल-मुल्क. दुसऱ्या बाजूला हैदराबादचा मोगल सुभेदार मुबारिझ खान. दोघंही कागदोपत्री एकाच बादशहाचे, दिल्लीच्या मुहम्मद शाहचे नोकर होते.

निजाम-उल-मुल्क हा औरंगजेबाच्या काळात वर आलेला सरदार. त्याचे आजोबा १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात मारले गेले होते. १७२० मध्ये त्याने नर्मदा ओलांडून दख्खनमध्ये दोन लढाया जिंकल्या. त्यातली दुसरी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरजवळची. १७२२ मध्ये त्याला दिल्लीत वजिरी मिळाली. पण दरबारातल्या कटकटींना आणि बादशहाच्या भोवतालच्या मंडळींना कंटाळून १७२३ च्या अखेरीस त्याने शिकारीचं निमित्त करून दिल्ली सोडली आणि दख्खनची वाट धरली.

बादशहाला हे रुचलं नाही. उघड भांडण करण्याऐवजी त्याने मुबारिझ खानाला दख्खनची सुभेदारी देऊ केली आणि निजामाला रोखण्याचा इशारा केला. मुबारिझ खान फौज घेऊन औरंगाबादच्या (आजचं छत्रपती संभाजीनगर) रोखाने निघाला. निजामाने त्याला वऱ्हाडच्या दक्षिण भागात, साखरखेर्ड्याजवळ गाठलं. लढाईत मुबारिझ खान मारला गेला, त्याचे दोन मुलगेही पडले.

बाजीराव पेशव्यांनी या मोहिमेत निजामाला साथ दिली होती. त्याबद्दल निजामाने त्यांना सात हजारांची मनसब आणि मानाची वस्त्रं दिली. हा स्नेह फार टिकला नाही. चारच वर्षांनी, १७२८ मध्ये, पालखेडला याच बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडलं आणि मुंगी-शेवगावचा तह करायला लावला.

गावाचं नाव 'फतेहखेलडा' कसं झालं?

विजयानंतर निजामाने साखरखेर्ड्याचं नाव बदललं. फारसी कागदांत या गावाचं रूप शकरखेर्डा किंवा शकरखेलडा असं येतं. त्यातला 'शकर' जाऊन 'फतेह' आला आणि गाव झालं फतेहखेलडा, म्हणजे विजयाचं खेडं. इंग्रजी अमदानीतल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरमध्ये हे नाव आणि त्यामागची लढाई, दोन्ही नोंदवलेली आहेत.

विजयाच्या आठवणीसाठी गावाच्या नावाला 'फतेह' जोडण्याची रीत मोगल जगात जुनीच होती. अकबराची फतेहपूर सिक्री हे तिचं सर्वांत ठळक उदाहरण. अशा नावाचा उद्देश साधा होता : यापुढे जो कोणी गावाचं नाव घेईल, त्याने आपसूकच विजेत्याची आठवण काढावी.

'आसफजाह' या पदवीचा अर्थ काय?

लढाईनंतर निजामाने जे केलं ते त्याच्या धूर्तपणाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आपल्या इतिहासात लिहिल्याप्रमाणे, निजामाने मुबारिझ खानाचं शिर दिल्लीला पाठवलं आणि सोबत बंड मोडलं गेल्याबद्दल बादशहाचं अभिनंदनही केलं. ज्याला बादशहानेच पाठवलं होतं, त्यालाच बंडखोर ठरवून हा निरोप गेला होता.

बादशहापुढे दुसरा मार्ग नव्हता. १७२५ मध्ये त्याने निजामाची दख्खनची सुभेदारी मान्य केली आणि त्याला 'आसफजाह' ही पदवी दिली. इस्लामी परंपरेत आसफ हा सुलेमान बादशहाचा शहाणा वजीर. 'आसफजाह' म्हणजे ज्याचा दर्जा त्या आसफच्या तोडीचा आहे असा. या पदवीत ना साखरखेर्ड्याचं नाव आहे, ना लढाईचं. उलट तिचा अर्थ 'राजाचा उत्तम सेवक' असा होतो. ज्याने बादशहाची इच्छा रणांगणावर मोडून काढली, त्यालाच बादशहाने निष्ठावंत वजिराची उपमा दिली. पदवी देणारा दुबळा आणि घेणारा बलवान असला की असंच होतं.

फ्रान्समध्ये विजयाच्या पदव्या कशा दिल्या जात?

तिकडे फ्रान्समध्ये परिस्थिती नेमकी उलटी होती. देणारा सर्वशक्तिमान होता. १७८९ च्या क्रांतीनंतर तिथली जुनी सरदारकी रद्द झाली होती. नेपोलियन १८०४ मध्ये सम्राट झाला आणि त्याने स्वतःची नवी सरदारकी उभी केली. १ मार्च १८०८ च्या फर्मानाने तिचे नियम ठरले : ड्यूक, काउंट, बॅरन अशा पायऱ्या आणि त्यांच्या वारशाच्या अटी.

यातल्या सर्वांत मानाच्या पदव्या लढाईच्या ठिकाणांवरून होत्या. मार्शल लफेव्रने डान्झिग (आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क) जिंकलं, तो १८०७ मध्ये डान्झिगचा ड्यूक झाला. मार्शल दावूने १४ ऑक्टोबर १८०६ रोजी आउअरश्टेटला आपल्यापेक्षा दुपटीहून मोठ्या प्रशियन सैन्याला हरवलं, तो आउअरश्टेटचा ड्यूक झाला. मासेनाला इटलीतल्या रिवोलीचं नाव मिळालं, लानला माँतेबेलोचं. १७९२ मध्ये वाल्मीला क्रांतीचं रक्षण करणारा केलरमान वाल्मीचा ड्यूक झाला.

आउअरश्टेटचा ड्यूक म्हणजे आउअरश्टेटचा मालक नव्हे. ते गाव जर्मनीतच राहिलं, त्याचा कारभार दावूकडे कधीच नव्हता. पदवीत फक्त नाव होतं. गावाला त्याची विचारणा झाली नाही आणि गावाचं नावही बदललं नाही. ते विजेत्याच्या नावामागे जोडलं गेलं, इतकंच.

साखरखेर्ड्याशी फरक इथे दिसतो. फ्रेंच पद्धतीत गावाचं नाव माणसाला चिकटलं. आपल्याकडे माणसाचा विजय गावाला चिकटवला गेला.

विजय झाला नसतानाही पदवी मिळाली का?

हो, दोन्हीकडे मिळाली. मासेनाला १८१० मध्ये 'एसलिंगचा प्रिन्स' ही आणखी मोठी पदवी देण्यात आली. व्हिएन्नाजवळची एसलिंगची लढाई मे १८०९ मध्ये झाली आणि तीत नेपोलियनला डॅन्यूब नदीच्या पलीकडून माघार घ्यावी लागली होती. मासेनाने मात्र तिथे चिवटपणे झुंज देऊन सैन्य वाचवलं. मार्शल नेयला १८१३ मध्ये 'मॉस्कोवाचा प्रिन्स' केलं गेलं. ही बोरोदिनोची लढाई रशियन लोकही आपलीच मानतात.

आपल्या भागातलं उदाहरण बाळापूरचं. ऑगस्ट १७२० मध्ये तिथे निजामाने आलम अली खानाला हरवलं. मराठ्यांची फौज आलम अलीच्या बाजूने, म्हणजे हरलेल्या बाजूने होती. तिच्यात खंडेराव दाभाड्यांच्या हाताखाली दमाजी गायकवाड लढले. त्यांच्या पराक्रमाची वाखाणणी होऊन छत्रपती शाहूंनी त्यांना 'समशेर बहादर' हा किताब दिला. पुढच्याच वर्षी दमाजी वारले. किताब मात्र घराण्यात राहिला. बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या बिरुदावलीत 'सेनाखासखेल समशेर बहादर' हे शब्द पुढे कायम लागत राहिले. बाळापूरच्या हरलेल्या लढाईची ती खूण आहे.

पदवी मुलाला आपोआप मिळत असे का?

इथे दोन पद्धतींमधला सर्वांत महत्त्वाचा फरक आहे.

नेपोलियनच्या कायद्यात पदवी वारशाने जाण्यासाठी एक अट होती. पदवीधारकाने ठरावीक उत्पन्न देणारी मालमत्ता पदवीशी बांधून ठेवायची. ती विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे, भावंडांत वाटता येत नसे. ती पदवीसोबत थोरल्या मुलाकडे जाई. फ्रेंचमध्ये या व्यवस्थेला 'माजोरा' म्हणत. बड्या सेनापतींना हे उत्पन्न नेपोलियननेच जिंकलेल्या मुलखातून नेमून दिलं : इटलीतून, जर्मनीतून, पोलंडमधून. म्हणजे मान फ्रान्समधला आणि त्याचा खर्च परक्या शेतकऱ्यांच्या माथी.

१८१४ मध्ये नेपोलियन पडला आणि ही बाहेरची उत्पन्नं गेली. मार्शल स्यूशेचं उदाहरण बोलकं आहे. १८१२ मध्ये त्याला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळच्या अल्बुफेरा या सरोवराचं नाव आणि उत्पन्न दोन्ही मिळालं. काही वर्षांतच सरोवर पुन्हा स्पेनच्या राजाकडे गेलं. 'अल्बुफेराचा ड्यूक' ही पदवी मात्र फ्रान्समध्ये टिकली.

मोगल व्यवस्थेत नियम वेगळा होता. किताब आणि मनसब ही व्यक्तीला मिळे, घराण्याला नाही. सरदार वारला की त्याची जहागीर सरकारजमा होई. मुलाला हवी असेल तर त्याने ती नव्याने मिळवायची, बादशहाची मर्जी सांभाळायची. त्यामुळे कायद्याने पाहिलं तर 'आसफजाह' ही एकाच माणसाची पदवी होती.

मग ती सात पिढ्या कशी चालली? कारण साखरखेर्ड्यानंतर निजामाने दिल्लीला विचारणं जवळपास बंद केलं. सुभेदार नेमण्याचा बादशहाचा हक्क नावापुरता उरला. १७४८ मध्ये निजाम वारला, तेव्हा गादीसाठी त्याच्याच मुला-नातवांत लढाया झाल्या. शेवटी जो टिकला, त्या निजाम अली खानाला इतिहासात दुसरा आसफजाह म्हणतात. त्याच्या आधी गादीवर बसलेल्या नासिर जंग, मुजफ्फर जंग आणि सलाबत जंग यांना हा क्रमांकच मिळाला नाही. फ्रान्समध्ये वारसा कायद्याने ठरत होता, दख्खनमध्ये ताकदीने.

दख्खनमध्ये फ्रेंचांनीही विजयाचं गाव वसवलं होतं का?

या गोष्टीत फ्रान्स आणि निजाम घराणं खरोखरच समोरासमोर येतात. निजामाच्या मृत्यूनंतरच्या भाऊबंदकीत पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याने नातवाची, मुजफ्फर जंगची बाजू घेतली. डिसेंबर १७५० मध्ये जिंजीजवळ फ्रेंचांच्या हल्ल्याच्या वेळी मुलगा नासिर जंग त्याच्याच बाजूच्या पठाण नवाबाकडून मारला गेला. मुजफ्फर जंगने डुप्लेला मानाच्या पदव्या दिल्या.

डुप्लेने त्या विजयाच्या जागी स्मारक उभारायला आणि वसाहत वसवायला घेतलं. तिचं नाव ठेवलं 'डुप्ले फतेहाबाद'. पद्धत अगदी निजामाचीच : गावाच्या नावात विजय. पण दोनच वर्षांत रॉबर्ट क्लाइव्हची फौज त्या वाटेने गेली आणि तिने ते सगळं जमीनदोस्त केलं. पुढे मेकॉलेने क्लाइव्हवरच्या निबंधात या प्रसंगाचं वर्णन केलं. फ्रेंचांना लोकांच्या मनावर आपल्या अजिंक्यपणाचा ठसा उमटवायचा होता आणि तो पुसण्यासाठी क्लाइव्हने हे केलं, असं त्याचं म्हणणं.

मुजफ्फर जंगही १७५१ च्या सुरुवातीला मारला गेला. त्याच्या जागी सलाबत जंगला बसवून फ्रेंच सेनानी बुसी त्याच्यासोबत औरंगाबादला आला आणि पुढची काही वर्षं निजामाच्या दरबारात त्याचा शब्द चालला. साखरखेर्ड्यात जिंकलेली गादी पंचवीस-तीस वर्षांतच परक्या फौजेच्या आधारावर उभी होती.

वऱ्हाडला या विजयाची किंमत काय मोजावी लागली?

पदवी आणि गादी यांचा हिशेब वऱ्हाडच्या रयतेसाठी वेगळाच होता. साखरखेर्ड्यानंतर वऱ्हाड निजामाच्या सुभ्यात राहिलं. पण नागपूरकर भोसल्यांचाही इथे चौथाई-सरदेशमुखीचा अंमल होता. म्हणजे एकाच शेतातल्या पिकावर दोन सरकारांचा हक्क. वऱ्हाडात या काळाची आठवण 'दुहेरी अंमल' म्हणून राहिली.

१८०३ मध्ये इंग्रजांनी शिंदे आणि भोसल्यांचा पराभव केला. त्यातली असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्यात झाली आणि आडगावची अकोला जिल्ह्यात. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडावं लागलं आणि इंग्रजांनी ते निजामाला दिलं. या दोन्ही लढाया जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. पण १८०९ मध्ये त्याला उमरावपद मिळालं तेव्हा त्यात जोडलं गेलं ते स्पेनमधल्या तालावेराचं नाव, असईचं नाही. त्याच युद्धात उत्तरेत लढलेल्या जनरल लेकला मात्र १८०४ मध्ये 'दिल्ली आणि लासवारीचा बॅरन' करण्यात आलं.

१८५३ मध्ये वऱ्हाडचे हात पुन्हा बदलले. इंग्रजांची फौज पोसण्याचं निजामावर कर्ज साचलं होतं. त्याच्या फेडीसाठी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. मुलूख कायदेशीरपणे निजामाचा, कारभार आणि वसुली इंग्रजांची. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात हा व्यवहार कायमच्या भाडेपट्ट्यात बदलला. वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमसाठी इंग्रजांकडे गेलं. सुपीक काळ्या जमिनीचा, कापसाचा हा मुलूख होता. तो १७२४ मध्ये तलवारीने मिळवला गेला, १८५३ मध्ये कर्जापोटी दिला गेला आणि १९०२ मध्ये भाड्याने गेला. यातल्या एकाही वेळी इथल्या माणसांना कोणी विचारलं नाही.

'प्रिन्स ऑफ बेरार' कोण होता?

वऱ्हाडची जमीन हातून गेल्यावरही निजामाला एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे नाव. १९३६ च्या करारात इंग्रजांनी वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व कागदावर मान्य केलं. सातव्या आसफजाहाला, मीर उस्मान अली खानाला, 'हैदराबाद आणि बेरारचा निजाम' असं म्हटलं जाऊ लागलं. त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, ही पदवी मिळाली. बेरार हे वऱ्हाडचंच इंग्रजी रूप.

ही पदवी मिळालेला थोरला मुलगा आझम जाह. त्याचं लग्न १९३१ मध्ये शेवटचे तुर्की खलिफा अब्दुलमजीद दुसरे यांची मुलगी दुर्रुशेहवार हिच्याशी झालं होतं. ते लागलं फ्रान्समधल्या नीस शहरात, कारण पदच्युत खलिफा तिथेच राहत होते. आझम जाहचा मुलगा मुकर्रम जाह १९३३ मध्ये नीसमध्येच जन्मला.

वऱ्हाडच्या राजपुत्राचा वऱ्हाडच्या एकाही तलाठ्यावर हुकूम चालत नव्हता. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळचा कारभार इंग्रजांच्या मध्य प्रांतातून होत होता. ही पदवी आउअरश्टेट किंवा अल्बुफेराच्या ड्यूकसारखीच झाली होती : नावात मुलूख, हातात काही नाही. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला फ्रेंच पद्धतीची पदवी आली ती अशी.

आज या पदव्यांचं काय झालं?

भारतात सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान विलीन झालं. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ नुसार सरकार कोणालाही किताब देऊ शकत नाही. लष्करी आणि विद्याविषयक सन्मान याला अपवाद आहेत. त्यामुळे परमवीरचक्र देता येतं, पण ते ज्याच्या शौर्यासाठी आहे त्याचंच राहतं, मुलाला वारशाने मिळत नाही. पद्म पुरस्कारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं की हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत, पण ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत.

उस्मान अली खान १९६७ मध्ये वारले. त्यांनी मुलाला डावलून नातू मुकर्रम जाहला वारस केलं होतं. भारत सरकारने तेव्हा त्याला मान्यताही दिली. १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही रद्द केले. मुकर्रम जाह यांचं जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलमध्ये निधन झालं आणि दफन हैदराबादच्या मक्का मशिदीत झालं.

फ्रान्सने वेगळा मार्ग घेतला. तिथे १८७० नंतर प्रजासत्ताक आलं आणि नव्या पदव्या देणं थांबलं. मात्र जुन्या रद्द झाल्या नाहीत. त्यांना कुठलाही अधिकार किंवा सवलत नाही. पदवी हा नावाचा भाग समजला जातो आणि वारसाने पुरावे दिले तर न्याय मंत्रालय त्याची नोंद करून देतं. १८५९ मध्ये इटलीतल्या माजेंता गावी जिंकलेला मॅकमाहोन माजेंताचा ड्यूक झाला आणि नंतर १८७३ ते १८७९ या काळात प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्षही झाला. ते घराणं आजही ही पदवी लावतं.

काही पदव्या वारस नसल्याने संपल्या. क्रिमियाच्या युद्धात १८५५ मध्ये सेवास्तोपोलचा मालाकॉफ बुरूज घेणारा पेलिसिए मालाकॉफचा ड्यूक झाला. त्याला मुलगा नव्हता. १८६४ मध्ये तो वारला आणि पदवी त्याच्यासोबत गेली. पॅरिसला लागून असलेल्या एका उपनगराचं नाव मात्र आजही मालाकॉफ आहे.

मग 'फतेहखेलडा' कुठे गेलं?

या सगळ्या हिशेबात पदवी टिकण्याचं सूत्र स्पष्ट दिसतं. तिच्यामागे सत्ता, उत्पन्न किंवा कायदा यांपैकी काहीतरी उभं असावं लागतं. आसफजाह हे नाव निजामाच्या फौजेवर आणि तिजोरीवर टिकलं. आउअरश्टेटच्या पदवीला १८५३ मध्ये थेट वारस उरला नाही, तेव्हा १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने ती दावूच्या पुतण्याला देऊन पुन्हा जिवंत केली. म्हणजे तिथेही सत्तेलाच मध्ये यावं लागलं.

गावाच्या नावाला असा आधार लागत नाही. ते रोज बाजारात, बैलगाडीवर, सोयरिकीत, तहसीलच्या कागदावर बोललं गेलं पाहिजे, एवढीच त्याची गरज. फतेहखेलडा हे नाव गॅझेटियरमध्ये छापलं गेलं, पण आजूबाजूच्या गावांतल्या लोकांनी ते घेतलं नाही. त्यांच्यासाठी गाव आधी साखरखेर्डा होतं आणि पुढेही साखरखेर्डाच राहिलं. आज ते पळसिद्ध मठामुळे आणि प्रल्हाद महाराजांच्या संस्थानामुळे ओळखलं जातं. मुबारिझ खान कोण आणि तो कोणाशी लढला, हे न सांगता गावाची पूर्ण ओळख करून देता येते.

आणि लोक सरकारी किंवा राजेशाही नावं घेतच नाहीत, असंही नाही. याच परिसरात सिंदखेडराजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा ही नावं आहेत. लखुजी जाधवरावांच्या घराण्याशी जोडलेला तो 'राजा' शब्द. १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात लखुजी आणि त्यांचे मुलगे दग्याने मारले गेले, घराण्याची ताकद ओसरली, जहागिऱ्या गेल्या. तरीही तो शब्द गावांना चिकटून राहिला, कारण तिथे राहणाऱ्या, ओळखीच्या घराचा तो होता. एसटीच्या पाटीवर तो आजही दिसतो. फतेह मात्र एका दिवसाच्या लढाईचा होता. जिंकणारा निघून गेला आणि त्याचं नाव घेण्याचं गावाला काही कारण उरलं नाही.